आळशी कोण? गिरणीचे भोंगे, परळची सर्पगंधा आणि राजुरीतली एक पहाट

आजच्या भागाची सुरुवात एका मेसेजनं करतो. ज्यानं पाठवलाय त्याची परवानगी घेतली आहे, आणि त्याला ओळखता येईल असं सगळं काढून टाकलंय.

पोरगा राजुरीचा. जुन्नर तालुक्यातलं राजुरी. आळेफाट्यावरून नगरच्या दिशेनं निघालात की कल्याण-नगर रस्त्यावर लागतं ते. घरी थोडं बागायत, गाई. हा चाकणच्या बाजूला एका कंपनीत कामाला. पहिली पाळी असली की पहाटे बस धरायची. त्यानं लिहिलं होतं:

"दादा, मला चार वाजताच जाग येते. अलार्म पाचचा असतो. मधला एक तास मी छताकडं बघत पडतो. अलार्म वाजतो, बंद करतो, पाय खाली टाकायचे एवढंच काम असतं, पण ते होत नाही. बस जाते. चार महिने झाले. आई म्हणते आळशी झालाय. सुपरवायझर पण तेच म्हणतो. मी खरंच आळशी आहे का?"

मी डॉक्टर नाही, इतिहासाचा पॉडकास्ट करतो. त्यामुळे त्याला पहिलं उत्तर 'डॉक्टरला दाखव' हेच दिलं. पण तो 'आळशी' शब्द काही डोक्यातून जाईना. पहाटे उठणारा तो गुणी आणि न उठणारा तो आळशी, हा हिशोब आपल्याकडं कधी, कसा बसला? आणि ज्याला उठायचंय पण उठवत नाही, त्याचं काय? त्या शोधात जे सापडलं ते आज सांगतो. थोडं लांब जाऊ, गिरणगावात जाऊ, मग परत राजुरीत येऊ.

पहिला थांबा मात्र जवळचाच. राजुरीहून लेण्याद्री काही फार लांब नाही. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची, बहुतेक बौद्ध. आपण तिथं गणपतीला जातो, पायऱ्या मोजतो आणि खाली येतो. पण ज्या खोल्यांमध्ये भिक्खू राहायचे, झोपायचे, तिथं दगडी ओटे आहेत. म्हणजे पहाटे उठायचा प्रश्न त्यांनाही होताच! बौद्ध परंपरेत मनाच्या वाटेत येणारे पाच अडथळे सांगितलेत, त्यातल्या एकाचं पाली नाव 'थीनमिद्ध'. मनाला आणि अंगाला येणारं जडत्व, असा त्याचा साधारण अर्थ. मला यात आवडलेली गोष्ट ही, की त्याला अडथळा म्हटलंय. माणसाची जात म्हटलेली नाही. वाटेत दगड आला तर तो दगड बाजूला कसा करायचा हे बघतात, चालणाऱ्याला 'दगड' म्हणत नाहीत.

आता पुढं येऊ. आपल्या आजी-पणजीच्या काळात.

पीठाची गिरणी गावात यायच्या आधी पहाट ही बाईची होती, आणि ती जात्यावर सुरू व्हायची. घरातले सगळे झोपलेले, बाहेर अंधार, आणि दोघीजणी किंवा एकटीच दळतेय. त्या वेळी ज्या ओव्या म्हटल्या गेल्या त्या गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी बायकांच्या तोंडून गोळा केल्या, त्यातला मोठा भाग आपल्या पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ गावांतला. एक लाखाच्या वर ओव्या आहेत. 'पारी' या संकेतस्थळावर 2017 पासून त्या येतायत, आवाजासकट ऐकता येतात. नक्की ऐका, हेडफोन लावून.

त्यात देव आहेत, भाऊ आहे, लेक आहे, आणि दुःख तर किती आहे. सासरचं, वांझपणाच्या टोमण्यांचं, मेलेल्या पोराचं. दिवसभर ज्याचा उच्चार करायची सोय नव्हती ते त्या पहाटे दगडाला सांगितलं जायचं. आता इथं थांबून विचार करा. यातल्या कितीतरी बाया आजच्या भाषेत डिप्रेशनमध्ये असतील. पण 'आज उठवत नाही' असं म्हणायची मुभाच नव्हती. दळलं नाही तर भाकरी नाही. लोक म्हणतात ना, 'पूर्वीच्या बायकांना कुठं होतं डिप्रेशन?' त्या उठत होत्या म्हणून त्या बऱ्या होत्या, असा अर्थ कुणी काढू नये. उठल्यावर त्या काय म्हणत होत्या ते ऐका.

आता मुंबई. आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण घड्याळाचा खरा खेळ इथं झाला.

शेतकऱ्याची पहाट कडक असते, पण तिच्यात थोडी ढील असते. धार अर्धा तास उशिरा निघाली तर गाय ओरडते, पगार कापत नाही. गिरणीत तसं नव्हतं. कोकण, सातारा आणि आपला घाटावरचा पट्टा, इथून माणसं मुंबईला गेली आणि भोंग्यावर उठायला लागली. (जुन्नर-आंबेगाव-खेडकडच्या कित्येक घरांचं पोट डबे पोचवण्याच्या धंद्यावर चाललं, तेही असंच घड्याळाचं काम. तो वेगळा भाग करू कधीतरी.)

सुरुवातीला गिरणीत विजेचे दिवे नव्हते, म्हणून काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणजे पाळीही मोठी. सुट्टी ठरलेली नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या वाचल्या की गंमत वाटते, आणि गलबलतंही. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. साडेसहा! म्हणजे त्याआधी उठून, स्वयंपाक करून, चालत गिरणीच्या दारात येणारी माणसं 'आम्हाला निदान साडेसहापासून बोलवा' असं मागत होती.

1890 च्या एप्रिलमध्ये लोखंड्यांनी आणखी मोठी सभा घेतली, दहा हजारांच्या आसपास कामगारांची. त्यात दोन स्त्रिया बोलल्या. आणि 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, तो आम्हाला द्या, असा युक्तिवाद लोखंड्यांनी केला असं सांगतात. तुमचा-माझा रविवार असा आलाय. साहेबानं चर्चला जायला दिला एवढंच आपल्याला माहीत असतं.

मग आले विजेचे दिवे. साधारण 1905 च्या आसपास गिरण्यांत वीज पसरली आणि सूर्य मावळल्यावर थांबायचं कारणच उरलं नाही. तेरा, चौदा तास पाळ्या चालायला लागल्या. आणि नेमक्या त्याच वेळी, 1 जानेवारी 1906 ला, सरकारनं देशभर एक प्रमाणवेळ आणली. तोपर्यंत मुंबईची स्वतःची वेळ होती, सूर्याप्रमाणं. नवी वेळ तिच्यापेक्षा 39 मिनिटं पुढं.

आता हे 39 मिनिटांचं गणित नीट बघा. घड्याळात सकाळचे सहा वाजलेत, पण आभाळात अजून पाच एकवीसच आहेत. म्हणजे तेवढ्या अंधारात उठायचं. जानेवारी महिना. त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका गिरणीवर हजारो कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध दगडफेक केली. घड्याळाविरुद्ध दंगल! शाळेत हे शिकवायला पाहिजे होतं. मुंबई महापालिकेनं तर हट्टानं आपली जुनी वेळ पुढं कित्येक वर्षं चालवली. सुशिक्षित मुंबईकरांचा राग अस्मितेचा होता. कामगारांचा राग साधा होता, झोपेचा.

आणि 'आळशी' हा शब्द इथं घट्ट झाला असं मला वाटतं. गिरणीच्या दारात रोज सकाळी बदली कामगार उभे असायचे. कायम कामगार आला नाही की जॉबर त्यातला एक आत घ्यायचा. म्हणजे तुम्ही उठला नाहीत तर तुमच्या जागेवर उभं राहायला माणूस दारातच तयार. एखादा का आला नाही, ताप होता, दारू होती, गावाला मर्तिक होतं, की नुसतंच उठवलं नाही, हे विचारायची जॉबरला गरजच नव्हती. गैरहजर म्हणजे गैरहजर. कारणांना रकाना नव्हता. लवकर निजणाऱ्या-उठणाऱ्याला ज्ञान, आरोग्य, संपत्ती मिळते, ही आपल्या शाळांच्या भिंतीवरची म्हणसुद्धा इंग्रजीतून आलेली आहे. आपल्याकडं ब्राह्ममुहूर्ताचं कौतुक जुनं आहे, ते कबूल. पण त्यात संपत्तीचं आमिष नव्हतं, आणि पगारकपातही नव्हती.

बरं, मग ज्याला खरंच मनाचा आजार होता त्याचं काय व्हायचं?

त्याच्यासाठी दुसरं दार होतं आणि ते भयंकर होतं. मुंबईत कुलाब्याला 1826 पासून वेड्यांचं इस्पितळ होतं, रत्नागिरीत 1886 ला निघालं, ठाण्यात 1901 ला, पुण्याचं येरवड्याला. 1912 चा जो कायदा होता त्याच्या नावातच 'लुनसी', म्हणजे वेडेपणा. बहुतेकदा पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्यामार्फत माणूस आत जायचा. हा कायदा बदलायला 1987 साल उजाडलं. पुणे जिल्ह्यात 'येरवड्याला पाठवा याला' ही शिवी आजही चालते. (तिथं जेलही आहे, पण कोणत्या अर्थानं म्हणतात ते आपल्याला बरोबर कळतं.)

म्हणजे बघा, दोनच कप्पे. एकतर आळशी, नाहीतर येरवडा. जो कपडे फाडत नाही, बडबडत नाही, नुसता छताकडं बघत पडतो, त्याला बसवायला मधला कप्पाच नव्हता. 1938 साली मुंबईच्या जेजे रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांनी साध्या रुग्णालयातच मनोविकार विभाग सुरू केला, देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी एक. तापाच्या रांगेशेजारी मनाची रांग. मधला कप्पा तिथून हळूहळू तयार व्हायला लागला.

आणि आता आजची माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ती घडते परळला, गिरण्यांच्या अगदी मधोमध, केईएम रुग्णालयात.

डॉ. रुस्तम जाल वकील. हृदयरोगतज्ज्ञ. त्यांचा प्रश्न मनाचा नव्हताच, ब्लड प्रेशरचा होता. सर्पगंधा नावाची वनस्पती आपल्याकडं वैद्य वापरत आलेत, झोप येण्यासाठी, डोकं शांत करण्यासाठी. 1931 ला कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिलं होतं, की वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर ती चालते. वकिलांनी केईएममध्ये रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर तिची पद्धतशीर तपासणी केली आणि 1949 साली लंडनच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापली. जग जागं झालं. 1952 ला स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं त्या मुळातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, त्याचं नाव रिसर्पिन. गोळी तयार झाली आणि लाखो लोक ती घेऊ लागले.

मग एक विचित्र गोष्ट दिसली. 1954 साली वॉशिंग्टनमधले डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी लिहिलं, की जास्त डोस बरेच दिवस घेणारे काही रक्तदाबाचे रुग्ण खचतायत. नोकरी तीच, घर तेच, कुणी मेलं नाही, कर्ज झालं नाही. फक्त एक गोळी सुरू झाली, आणि माणसाची उमेद गेली. गोळी बंद केली की माणूस हळूहळू पूर्ववत.

राजुरीच्या त्या पोरासाठी मी हा भाग करतोय तो या एका गोष्टीसाठी. काल कामाला जाणारा माणूस एका मुळाच्या अर्कानं अंथरुणात अडकू शकत असेल, तर त्या अडकण्याला आळस म्हणायचं कसं?

पुढं 1957 ला स्वीडनच्या लुंडमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे पडून राहिले. कान खाली, हलेनात. मग त्यांना डोपा नावाचं द्रव्य टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं. साधारण पंधरा मिनिटांत ससे उठून फिरायला लागले. या वाटेनं पार्किन्सनच्या आजारावर औषध सापडलं आणि कार्लसनना 2000 साली नोबेल मिळालं. लक्षात घ्या, त्या सशांचं पडून राहणं आणि माणसाचं डिप्रेशन एक नव्हे. पण 'उठणं' ही क्रिया मेंदूतल्या रसायनांवर अवलंबून असते, हे इतकं उघड याआधी कुणी दाखवलं नव्हतं.

उलट बाजूनंही तसंच झालं. 1952 ला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर टीबीच्या रुग्णांना इप्रोनियाझिड हे नवं औषध दिलं, आणि खाटेवर पडलेले रुग्ण व्हरांड्यात हसायला-नाचायला लागले. पुढं नेथन क्लाइन यांनी तेच डिप्रेशनवर वापरलं. 1957 ला स्विस डॉक्टर रोलांड कून यांनी इमिप्रामिन या औषधाची माहिती झुरिकच्या एका परिषदेत दिली, तेव्हा ऐकायला जेमतेम डझनभर लोक होते. डिप्रेशनवरच्या गोळ्यांची सुरुवात ही अशी. आणि त्याच 1957 साली अमेरिकेतला मोठा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यात क्लाइन होते, आणि आपले परळचे डॉ. वकीलही होते. गिरणगावात आज कुणाला विचारा हे नाव. नाही माहीत.

आता, मी फक्त सोयीचा अर्धा इतिहास सांगितला तर तुम्ही मला सोडणार नाही, आणि बरोबरच आहे. 1955 ला लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात रिसर्पिनची चाचणी झाली, तर तिथं काही चिंताग्रस्त, उदास रुग्णांना त्यानं चक्क बरं वाटलं. म्हणजे 'रिसर्पिननं डिप्रेशन येतं' हेही सरळ नाही. पुढं 'मेंदूत अमुक रसायन कमी झालं की डिप्रेशन' असं सोपं चित्र जाहिरातींनी घरोघर नेलं. 2022 साली लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकत्र तपासून सांगितलं, की सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन, याला ठोस पुरावा सापडत नाही. त्यावरून व्हॉट्सॲपवर 'गोळ्या थोतांड आहेत' असे मेसेज फिरले. तो अर्थ चुकीचा आहे. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, म्हणून अंगात पॅरासिटामॉल कमी होतं असं थोडंच असतं? कारण काय हा एक प्रश्न, उपयोग होतो का हा दुसरा. गोळ्या बऱ्याच जणांना उपयोगी पडतात, सगळ्यांना नाही, आणि असर दिसायला काही आठवडे लागतात. डॉक्टरला न विचारता सुरूही करू नयेत आणि बंद तर मुळीच करू नयेत.

आणि सकाळच का? हेही डॉक्टरांनी फार पूर्वी टिपलंय. डिप्रेशनच्या एका प्रकारात माणूस ठरल्या वेळेच्या दोन-एक तास आधीच जागा होतो, सकाळी सगळ्यात वाईट अवस्था असते, आणि दिवस कलेल तसं थोडं हलकं वाटतं. दुसऱ्या काहींना उलट झोपच फार येते. त्या पोराचं 'चारलाच जाग येते' हे वाक्य म्हणूनच मला खटकलं होतं. आळशी माणूस चारला जागा होऊन एक तास छताकडं बघत बसत नाही हो. तो घोरत असतो. आणि संध्याकाळी हा पोरगा बरा दिसतो म्हणून आईला वाटतं, 'हिंडताना बरं सुचतं याला, कामाच्या वेळीच काय होतं?' तिचंही चुकत नाही. तिला दिसतंय ते खरंच आहे, फक्त त्याचा अर्थ तिला कुणी सांगितलेला नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा आता हक्क झालाय, आणि मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखाच विमा द्यावा असं त्यात आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन सुरू आहे. नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर या भागाचा शेवट ऐकत बसू नका, आधी तो फोन लावा.

त्या पोराला मी हे सगळं तुकड्या-तुकड्यानं व्हॉइस नोटवर पाठवलं होतं. सशांची गोष्ट त्यानं आईला ऐकवली म्हणे. आई म्हणाली, "मग ससा कोण, तू का?" आणि दोघं बऱ्याच दिवसांनी हसले. पुढच्या आठवड्यात ती त्याच्याबरोबर पुण्याला दवाखान्यात गेली. चार तास रांग. डॉक्टर पाच मिनिटं बोलले, पण नीट बोलले. गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस काही फरक नाही, उलट तोंड कोरडं. त्यानं मला वैतागून दोन मेसेज टाकले, ते इथं वाचून दाखवण्यासारखे नाहीत.

कंपनीत त्यानं पाळी बदलून मागितली. चिठ्ठी दाखवायची लाज वाटत होती, पण दाखवली. सुपरवायझरनं आधी तोंड वाकडं केलं, मग दोन महिन्यांसाठी दुसरी पाळी दिली. पुढचं पुढं बघू म्हणाला.

परवा सकाळी सात चाळीसला त्याचा मेसेज होता, "दूध घालून आलो डेअरीला." मी विचारलं, किती वाजता उठलास?

"सहा दहा. काल नाही उठवलं. आज उठलो."

चला, भेटू पुढच्या भागात. डबेवाल्यांवर करायचा आहे, जुन्नर-आंबेगावकडच्या मंडळींनी आजोबा-पणजोबांच्या आठवणी पाठवा.